पाहुणा स्टॉपर

आमच्या घरात जर्मनी आणली ती दादानं. वर्ल्ड कपच्या दिवसांत पेठेतल्या एका गल्लीवर ब्राझीलचे झेंडे लागायचे, पुढच्या गल्लीवर अर्जेंटिनाचे, आणि त्यावरून घरोघर दूध घालायला येणाऱ्या गवळ्यांचीसुद्धा जुंपायची. जर्मनीच्या बाजूनं मात्र अख्ख्या पेठेत माझा थोरला भाऊ मारुती एकटा. कारण विचारलं तर म्हणायचा, "त्यांची मागची फळी बघ. गोल काय, कोण बी मारतंय. मारू न देणारा माणूस दाखव की." दादा स्वतः आमच्या वाघोबा तालमीच्या संघात स्टॉपर होता, म्हणजे गोलच्या पुढ्यात, बचावफळीच्या मधोमध उभा राहून येईल त्याला अडवणारा. आमच्या गावात गोल मारणाऱ्याचं नाव चहाच्या गाड्यावर निघतं. दादाचं नाव निघायचं ते आमच्यावर गोल झाल्यावर.

वडील लवकर गेले. दादानं नववीतून शाळा सोडली आणि फाउंड्रीत लागला. ओतून आलेले लोखंडी भाग घासून साफ करायचं काम. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या कानांत, भुवयांत, नखांत काळी भुकटी असायची, आणि घासायच्या मशीनच्या आवाजानं कान बधिर झाल्यामुळं तो तासभर नुसता ओरडूनच बोलायचा. आमच्या दोन खोल्या तालमीच्या भिंतीला लागून होत्या. पहाटे पलीकडं पैलवानांचे जोर सुरू झाले की आमच्या फळीवरची भांडी हळूहळू कडेला सरकायची आणि आई भाकरी थापता थापता न बघताच ती मागं ढकलायची. या भांड्यांच्या, भाकरीच्या आणि दादाच्या ओरडण्याच्या आवाजात मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. फीचं नाव काढायला मला लाज वाटायची आणि दादाला ते कळायचं. "तू म्होरं जा," म्हणायचा, "मागं मी हाय." त्याला उपदेश करता येत नव्हता. मैदानावर तो पुढच्या पोरांना जे ओरडून सांगायचा तेच त्यानं मला सांगितलं. आज माझ्या नावापुढं दोन पदव्या आहेत. त्यांतला कागद माझा, बाकी सगळं त्याचं.

त्या वर्षी आमची तालीम बऱ्याच वर्षांनी फायनलला गेली होती, तीही पलीकडच्या पेठेतल्या नागझरी तालमीविरुद्ध. दादानं तिशी ओलांडली होती. वस्तादांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मारुती, ही फायनल तुझी. पुढल्या साली जागा तरण्या पोराला." इतकी वर्षं खेळून दादाच्या वाट्याला फायनल कधीच आली नव्हती, आणि आता आलेली शेवटची होती. तो कामावरून आल्यावर जेवायच्या आधी बुटांना तेल लावत बसायचा. आई म्हणायची, "त्या बुटांस्नी लावतोस त्यातलं थोडं डोस्क्याला लाव."

त्याच सुमारास दादाच्या फाउंड्रीत जर्मनीहून एक जुनी मशीन आली आणि ती जोडायला डीटर नावाचा माणूस आला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, तांबूस, टक्कल पडत आलेला, गुडघ्यांत जरा वाकून चालणारा. जेवणाच्या सुट्टीत फाउंड्रीतली पोरं आवारात फुटबॉल खेळायची. एकदा चेंडू घरंगळत त्याच्याकडं गेला. त्यानं तो तळपायाखाली दाबला आणि नुसता उभा राहिला. पोरं एकेक करून चेंडू काढायला गेली, मग दोघं दोघं, मग सगळीच. दादा सांगायचा, "झाडाचं खोड वढावं तसं वढत हुती, पर त्यो हललाच न्हाय." शेवटी दादानं खुणेनं विचारल्यावर त्यानं पाकिटातून एक फोटो काढला. मैदानावर दोन ओळींत उभा असलेला संघ, आणि मागच्या ओळीत भरपूर केस नि मिशा असलेला डीटर.

रविवारी दादा त्याला घरी जेवायला घेऊन आला आणि दुभाषा म्हणून मला बसवलं. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा फारसं बरं नव्हतं, त्यामुळं आमचं छान जमलं. त्याची सगळी कारकीर्द मी आमच्या चुलीशेजारी बसून ऐकली. तो तिकडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये दहा-बारा वर्षं पगार घेऊन खेळला होता. त्याच्या प्रशिक्षकानं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, तू फक्त उभा राहा. आणि नंतर कधी काही वेगळं सांगितलं नाही. त्यानं जन्मात एकही गोल केला नाही. एकदा मोह होऊन पुढं गेला, तेवढ्यात मागून गोल झाला आणि पुढचे दोन सामने त्याला घरी बसवलं. मोठमोठे खेळाडू त्याच्या अंगावर धावून आले, त्यांची कोपरं त्याच्या बरगड्यांत बसली, आणि पेपरात नावं त्यांची आली. बक्षीस त्याला कधी मिळालं नाही. शेवटी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, क्लबनं भिंतीवरचं एक घड्याळ देऊन निरोप दिला आणि तो मशीनवाल्या कंपनीत लागला. मी हे एकेक वाक्य मराठीत सांगत होतो आणि दादा घास हातात धरून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "सदा, ह्यो माझंच सांगतोय की रं."

पण दारात गर्दी जमली होती आणि गल्लीत वेगळंच पोचत होतं. दुसरा दर्जा, दुसरी लीग हे मी चार वेळा सांगितलं. तरी संध्याकाळपर्यंत पेठेत वर्ल्ड कप खेळलेला जर्मन आला होता. त्याला बघायला खुद्द वस्ताद आले. वस्ताद म्हणजे जुने नामांकित पैलवान. तालमीचं सगळं तेच बघायचे आणि त्यात फुटबॉलही आलं, पण ऑफसाइड हा नियम त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "म्होरं जाऊन वाट बघत थांबला तर त्येचा गुन्हा काय?" म्हणायचे. मी त्यांनाही दुसऱ्या दर्जाचं सांगितलं. ते म्हणाले, "दुसरा तर दुसरा. आपल्यात पयला कोण लागून गेलाय?" त्या काळी प्रत्येक संघाला बाहेरचा एक खेळाडू घ्यायची मुभा असायची. शिकायला आलेली आफ्रिकन मुलं, गोव्याची मुलं अशी पेठांतून खेळायची. वस्तादांनी मांडी घातली आणि मला म्हणाले, "इचार त्याला, फायनल खेळणार का. मधल्या जागंवर."

मधली जागा दादाची. मी दादाकडं बघितलं. तो ताटाकडं बघत होता. "इचार की," म्हणाला.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं पाहुण्याचं पहिलं 'नको' कुणी धरत नाही. दुसरं 'नको' म्हणजे चांगले संस्कार समजतात. तिसऱ्या 'नको'ला वाढणाऱ्याच्या अंगात जोर येतो. त्याच घटकेला डीटर ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसला होता आणि माझी आई त्याच्या बोटांच्या फटींतून वाटीत पांढरा रस्सा ओतत होती. "घ्या वो पावणं, लाजतासा कशाला, आपलंच घर हाय," असं ती ओरडून म्हणत होती. मोठ्यानं बोललं की जर्मन माणसाला मराठी समजतं अशी तिची खात्री होती. अशा वेळी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही, माझे गुडघे संपलेत.

"न्हाय म्हणतोय. गुडघं गेल्यात म्हणतोय," मी सांगितलं.

वस्तादांचा चेहरा खुलला. "म्हणणारच! खानदानी हाय माणूस. परत इचार."

मी परत विचारलं. तो आणखी ठामपणे नाही म्हणाला आणि पँट वर करून ऑपरेशनच्या खुणा दाखवल्या. दारातली गर्दी हळहळली आणि त्याच्याबद्दलचा आदर आणखी वाढला. तिसऱ्यांदा त्यानं छातीवर हात ठेवून, डोळे मिटून नाही म्हटलं. वस्ताद उठले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "ठरलं." सगळे त्याच्याशी हात मिळवू लागले आणि तो बिचाराही सुटलो असं समजून हसत हसत हात मिळवत राहिला. मी ओरडून सांगत होतो, "वस्ताद, त्यो खरंच न्हाय म्हणतोय!" वस्ताद म्हणाले, "तुला इंग्रजी येतंय, पर माणूस वाचता येत न्हाय."

पेठेनं त्याची जबाबदारी उचलली. पहाटे त्याला हॉटेलातून उठवून दूधकट्ट्यावर न्यायचे आणि म्हशीखालचं फेसाळ दूध उभ्यानं प्यायला लावायचे. मग तालमीत तेल-हळदीनं गुडघे रगडायचे, वरून बदाम घातलेली थंडाई. मी एकदा त्याला गाठून म्हटलं, तुला खेळायचं नसेल तर तसं ठणकावून सांग. तो म्हणाला, रोज सांगतो. मी नाही म्हटलं की ते आणखी दूध आणतात.

 एके दिवशी दादानं आपली खेळायची जर्सी आईपुढं ठेवली आणि बाजूच्या शिवणी उसवून पाहुण्याच्या मापाची करायला सांगितली. आईनं सुई हातात घेतली नि खाली ठेवली. "आणि तू काय घालणार?"

"मी बाकावर बसणार. बाकावर बसलं तरी फायनलच असतीय की."

"मग सदरा घालून बस," आई म्हणाली आणि पाठ करून शिवायला लागली. त्या दिवशी बुटांना तेल लागलं नाही. तेलाची वाटी तशीच कोनाड्यात राहिली. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण माझ्या डोक्यात एकच होतं. ज्या इंग्रजीसाठी दादानं इतकी वर्षं लोखंड घासलं, त्याच इंग्रजीनं त्याची जागा गेली होती.

सामन्याच्या दिवशी डीटरला फेटा बांधून, फुलांनी सजवलेल्या ट्रॅक्टरवर बसवून हलगीच्या गजरात स्टेडियमवर नेलं. आमचा बाकीचा संघ मागून चालत. वाटेत नागझरी तालमीची माणसं आडवी आली तेव्हा मला वाटलं, आता दगड सुरू होणार. पण त्यांनी हार आणला होता. त्यांचे कारभारी म्हणाले, "तुमच्या पेठंचा पावणा म्हंजी गावाचा पावणा." हार घालून झाल्यावर त्यांचा पुढच्या फळीतला पिंट्या पुढं आला. हा पिंट्या म्हणजे गावातला सगळ्यात बेरकी खेळाडू. दादाचे नि त्याचे उभे दावे. त्यानं वाकून डीटरच्या पायाला हात लावला. डीटरला वाटलं बुटाचा बंद सुटलाय. तोही खाली वाकला आणि दोघांची डोकी आपटली.

सामना सुरू झाला. पिंट्यानं चेंडू घेतला, दोघांना चुकवलं, तिसऱ्याच्या पायांमधून काढला आणि डीटरसमोर आला. डीटर गुडघे वाकवून, हात पसरून उभा राहिला. वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा दिसत होता. पिंट्या थांबला. नागझरीच्याच बाजूच्या प्रेक्षकांतून आवाज आला, "आरं पावण्याच्या अंगावर जातोस व्हय रं, मुडद्या?" पिंट्यानं मान खाली घालून चेंडू बाजूला देऊन टाकला. दोन्ही पेठांनी टाळ्या वाजवल्या. पुढं हेच चालू राहिलं. पाहुण्याला चुकवून जाणं म्हणजे त्याचा अपमान, त्याला धक्का लागणं तर त्याहून वाईट. नागझरीवाले मैदानाचा मधला भाग देवळाच्या गाभाऱ्यासारखा सोडून दोन्ही कडांनी यायचे. एकदा डीटर स्वतःच धावत जाऊन त्यांच्या एकाला आडवा गेला. तो पोरगा कोलमडला, उठला आणि हात जोडून म्हणाला, "चुकलं, सायेब." रेफरीनं फाउल आमच्या बाजूनं दिला. फाउल झालेल्या पोरानंच टाळी वाजवली. इतक्यात डाव्या कडेनं त्यांनी एक गोल चढवला. डीटर तेव्हा मधोमध, ठरल्या जागी, उभा होता.

मध्यंतरात त्याला लिंबू सरबत आलं तेही नागझरीकडून. त्यानं ते बाजूला ठेवलं आणि मला ओढून घेतलं. त्याचे डोळे लाल झाले होते. म्हणाला, माझ्या उभ्या कारकिर्दीत लोक माझ्या अंगावर आले. तेवढंच मला मिळालं. इथं कुणी येतच नाही. त्यांना सांग, माझ्या अंगावर या. मी पळत पिंट्याकडं गेलो आणि सांगितलं, "सायेब म्हणत्यात, अंगावर या."

पिंट्या हळवा झाला. "बघ, किती मोठं मन! त्येंनी म्हणायचं असतं गा, आपण ऐकायचं नसतं. सांग त्यास्नी, आमी एवढं बी बिनरीतीचं न्हाय."

मी हे डीटरला सांगितलं.  तो उठला, बाकाच्या टोकाला बसलेल्या दादापाशी गेला आणि अंगातली जर्सी काढून त्याच्यापुढं धरली. दादा गडबडला. "न्हाय न्हाय," म्हणाला, "पावणं, तुमीच खेळायचं." वस्तादही धावले, "मारुती नको म्हणतोय, नको म्हणतोय!" पण डीटरनं इतक्या दिवसांत आमच्याकडून निदान एक गोष्ट शिकून घेतली होती. त्यानं दुसऱ्या 'नको'ला मान हलवली, तिसऱ्या 'नको'ला दादाचं डोकं काखेत धरलं आणि जर्सी त्याच्या गळ्यातून खाली खेचली. स्टेडियम उभं राहून बघत होतं. वस्तादांनी हात कपाळाला लावला. पाहुण्याचा आग्रह मोडायचा कसा, याचा डाव त्यांना कुणी शिकवला नव्हता.

दादा मैदानात उतरला आणि नागझरीच्या बाजूनं अशी आरोळी उठली की बांध फुटावा. अर्धा डाव दाबून ठेवलेलं सगळं त्यांनी दादावर सोडलं. चेंडू मिळेल तो माणूस सरळ मधूनच यायला लागला. कडा ओस पडल्या. "मारत्या, लंगड्या, बाजूला हो!" पिंट्या ओरडत यायचा, दादा त्याला आडवा घालायचा, दोघं मातीत लोळायचे, उठायच्या आधी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायचे. सैल केलेली जर्सी धरायला सोपी, ती बगलेपासून कमरेपर्यंत फाटली. दादाचं नाक फुटलं. मी त्याला इतक्या आनंदात आधीही बघितलं नव्हतं आणि नंतर त्याच्या लग्नातही नाही. डीटर उघड्या अंगानं, डोक्याला फेटा बांधून, कडेला उभा राहून त्याला जर्मनमधून ओरडून काहीतरी सांगत होता आणि दादा मान डोलावून तसं करत होता. मधून एकही चेंडू गेला नाही. पण आमच्या पुढच्या फळीलाही गोल करता आला नाही. फायनल आम्ही हरलो.

बक्षीस समारंभात ध्वनिक्षेपकावरून पुकारलं, "उत्कृष्ट बचावपटू, आपले परदेशी पावणं!" अर्धाच डाव खेळलेला, ज्याच्याजवळ कुणी गेलंच नाही असा माणूस. पण कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दोन्ही पेठांनी टोप्या उडवल्या. डीटरनं तो चषक हातात घेतला आणि फिरवून फिरवून बघितला. मग तो रडायला लागला. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं बक्षीस होतं. त्यानं माइक धरला आणि बोलला, थोडंच, घोगऱ्या आवाजात. आणि मला घाम फुटला, कारण भरून आल्यामुळं तो सगळं जर्मनमध्ये बोलला होता. जर्मन मला एक अक्षर येत नव्हतं. माइक माझ्या हातात आला.  खाली मातीत दादा आणि पिंट्या शेजारी शेजारी बसून सुजलेल्या पायांतले बूट ओढून काढत होते.

मी म्हणालो, "पाहुणे म्हणतात, मी दहा-बारा वर्षं पैसे घेऊन खेळलो, पुष्कळ स्टॉपर बघितले. पण वाघोबा तालमीच्या मारुतीसारखा बघितला नाही. ही जागा त्याची आहे. मी नुसता पाहुणा होतो."

टाळ्या थांबेनात. वस्ताद माझ्या कानाशी म्हणाले, "एवढं सगळं बोललं? तोंडातनं तर चारच शब्द आलं."

"जर्मन भाषा आटोपशीर असती, वस्ताद," मी म्हणालो.

मी आता निवृत्त झालोय. इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, भाषांतरावर व्याख्यानं दिली, मूळ मजकुराशी प्रामाणिक राहा म्हणून पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या. स्टेडियमवरच्या त्या भाषांतरावर मात्र आजही मला रेघ मारावीशी वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं घरी निघालो. दादा एका पायानं लंगडत होता. बूट खांद्यावर, फाटकी जर्सी अंगावरच. वाटेत माणसं थांबून त्याच्याकडं बघत होती, कुणी म्हणायचं, "ह्योच त्यो मारुती."  आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दादा थांबला.

"सदा, त्यो इंग्रजीत न्हवता बोलत."

"न्हवता," मी म्हणालो.

त्यानं एक खांदा मोकळा करून बूट दुसऱ्यावर घेतले. चार पावलं चालला. घरात आईनं चूल पेटवलेली दिसत होती.

"आजून एकदा सांग," दादा म्हणाला, "काय म्हणाला त्यो."

आणि मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, जरा वाढवून.